मधुमेह असलेला कोरोनाचा रुग्ण दाखल होतो तेव्हा धोका नेमका कशाचा असतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांच्या वडिलांना, तेव्हा वय ६१, मे २०२१ मध्ये कोरोनाच्या न्यूमोनियासाठी दाखल करावे लागले. त्यांना मधुमेह असल्याचे तोवर घरात कोणालाच ठाऊक नव्हते. दाखल करताना साखर २६० निघाली, स्टेरॉइड सुरू झाल्यावर ती ४०० च्या वर गेली आणि इन्शुलिन द्यावे लागले. ते बरे झाले, पण साखरेच्या गोळ्या आजही चालू आहेत. प्रश्नकर्त्यांना स्वतःला आठ वर्षांपासून मधुमेह असून त्यांची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, ७.२ आहे. मधुमेह असल्यास दाखल रुग्णाचा मृत्यूचा धोका दुप्पट होतो हे खरे का, वडिलांची साखर आजारामुळे वाढली की साखरेमुळे आजार वाढला, आणि स्वतःची सरासरी चांगली ठेवल्याने पुढे अशा प्रसंगी संरक्षण मिळेल का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

माझे मत आधीच सांगतो. ‘मधुमेह आहे’ एवढ्या नोंदीवरून दाखल रुग्णाचे पुढे काय होईल हे फारसे कळत नाही. वय किती, वजन किती, मूत्रपिंड आणि हृदय कोणत्या अवस्थेत आहे, आणि दाखल होण्याच्या दिवशी रक्तात साखर किती आहे, या चार गोष्टी त्या नोंदीपेक्षा जास्त सांगतात. त्यांतली शेवटची एकच अशी आहे की जिच्यावर दाखल झाल्यानंतरही उपचार करता येतो.

‘दुप्पट’ हा आकडा मुख्यतः इंग्लंडमधून आला. तिथे जवळपास प्रत्येक नागरिकाची नोंद सरकारी आरोग्यसेवेकडे असते. त्यामुळे १ मार्च ते ११ मे २०२० या पहिल्या लाटेच्या काळात सुमारे ६ कोटी १४ लाख लोकांच्या नोंदी एकत्र तपासता आल्या. त्या काळात रुग्णालयांत कोरोनाने २३,६९८ मृत्यू झाले आणि त्यांतले सुमारे एक तृतीयांश मधुमेह असलेल्यांचे होते. दर लाख लोकसंख्येमागे पाहिले तर मधुमेह नसलेल्यांत २७, टाइप १ मधुमेह (ज्यात शरीर इन्शुलिन जवळजवळ बनवतच नाही) असलेल्यांत १३८ आणि टाइप २ असलेल्यांत २६० मृत्यू, म्हणजे टाइप २ मध्ये जवळपास दहापट. मात्र टाइप २ मधुमेह हा मुख्यतः वयस्कांचा आजार आहे आणि कोरोनाने सर्वाधिक बळी वयस्करांचेच घेतले. वय, लिंग, वंश, आर्थिक स्थिती आणि प्रदेश यांचा परिणाम वजा केल्यावर ही दहापट सुमारे दोनपटीवर येते, आणि आधीचे हृदयविकार व पक्षाघात हिशेबात धरले की १.८० उरते. टाइप १ मध्ये मात्र हाच हिशेब केल्यावर आकडा साडेतीनपट आणि नंतर २.८६ पट निघतो, कारण या रुग्णांचे वय मुळात कमी असते आणि त्यांची तुलना त्यांच्याच वयाच्या निरोगी लोकांशी होते. चाळिशीच्या आतल्या टाइप १ रुग्णाचा प्रत्यक्ष धोका तरीही फारच कमी होता, ही गोष्ट त्या वेळी बातम्यांतून जवळजवळ गाळली गेली आणि अनेक तरुण रुग्णांनी नाहक धसका घेतला.

हा आकडा आणखी एका बाबतीत चुकीचा वाचला जातो. इंग्लंडचा अभ्यास सबंध लोकसंख्येचा आहे. मधुमेह असलेल्या माणसाला संसर्ग होणे, तो गंभीर होणे, दाखल होणे आणि दाखल झाल्यावर दगावणे या सगळ्या पायऱ्यांचा एकत्रित परिणाम त्यात मोजला गेला आहे. ‘दाखल झालेल्यांपैकी किती दगावतात’ हा प्रश्न वेगळा. दाखल झालेला प्रत्येक जण, मधुमेही असो वा नसो, दाखल करण्याइतका आजारी असतोच, त्यामुळे दोन गटांतला फरक तिथे आपोआप कमी दिसतो. आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. सहव्याधी असलेल्या रुग्णाला लक्षणे सौम्य असली तरी खबरदारी म्हणून दाखल करून घेण्याकडे कल होता. अशा वॉर्डात मधुमेहींचा गट तुलनेने सौम्य रुग्णांनी भरलेला असतो आणि मधुमेह नसलेल्यांत गंभीर रुग्णच उरतात. एखाद्या रुग्णालयाने आपल्या नोंदी तपासून ‘मधुमेहाने फरक पडला नाही’ असे म्हटले, तर त्या निष्कर्षाआधी तिथे दाखल कोणाला आणि का केले जात होते हे विचारायला हवे.

दाखल झालेल्या मधुमेहींचाच बारकाईने अभ्यास फ्रान्समध्ये झाला. कोरोनाडो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या अभ्यासात मार्च २०२० मधील ५३ रुग्णालयांतले १,३१७ रुग्ण आधी तपासले गेले. दाखल झाल्यापासून सात दिवसांत त्यांतले २९ टक्के रुग्ण व्हेंटिलेटरवर गेले किंवा दगावले, आणि निव्वळ मृत्यूंचे प्रमाण १०.६ टक्के होते. पुढे रुग्णसंख्या २,७९६ झाली तेव्हा २८ दिवसांअखेर सुमारे निम्मे रुग्ण घरी गेलेले होते आणि २०.६ टक्के दगावले होते. म्हणजे पाचांत एक. हे आकडे लस येण्यापूर्वीचे, स्टेरॉइडचा उपयोग सिद्ध होण्यापूर्वीचे आणि सरासरी सत्तरीच्या आसपास वय असलेल्या रुग्णांचे आहेत, त्यामुळे ते आज जसेच्या तसे कोणालाही लावू नयेत. धोका कोणाला जास्त होता याची त्यातली उत्तरे मात्र आजही उपयोगी आहेत. व्हेंटिलेटर किंवा मृत्यू या एकत्रित निकषाशी वजनाचा संबंध स्पष्ट दिसला. निव्वळ मृत्यूशी वयाचा, आणि मधुमेहाने आधीच केलेल्या नुकसानीचा, म्हणजे डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड, नसा, हृदयाच्या व पायांच्या रक्तवाहिन्या यांच्या विकारांचा संबंध दिसला. झोपेत श्वास अडकण्याचा विकार असलेल्यांनाही धोका जास्त होता. एचबीए१सीचा मात्र सात दिवसांतल्या परिणामाशी संबंध आढळला नाही.

हे वाचून अनेक रुग्णांनी, आणि काही डॉक्टरांनीही, ‘मग सरासरी ७ असो की १०, काय फरक पडतो’ असा अर्थ काढला. तो बरोबर नाही. इंग्लंडमध्ये टाइप २ च्या सुमारे २८ लाख ७४ हजार आणि टाइप १ च्या सुमारे २ लाख ६४ हजार रुग्णांचा वेगळा अभ्यास झाला. त्यात ज्यांची सरासरी ६.५ ते ७ होती त्यांच्या तुलनेत, टाइप २ मध्ये ७.६ पासूनच कोरोनाने मृत्यूचा धोका वाढू लागलेला दिसला, आणि १० किंवा अधिक सरासरी असलेल्यांत तो १.६१ पट होता. टाइप १ मध्ये १० च्या वर तो २.२३ पट होता. वजनाचा आलेख तिथे दोन्ही टोकांना वर गेलेला आहे. फार स्थूल माणसांना धोका होताच, पण ज्यांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २० च्या खाली होता अशा कृश रुग्णांनाही तो दुपटीहून अधिक होता. मधुमेहात झडलेल्या, स्नायू गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला ‘बरे झाले, वजन कमी आहे’ असे म्हणण्यात अर्थ नाही.

दोन्ही अभ्यास एकाच वेळी खरे असू शकतात, आणि ते कसे हे समजले की तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. साखर दोन वाटांनी काम करते. एक वाट लांबची आहे. वर्षानुवर्षांची साखर मूत्रपिंड, हृदय आणि रक्तवाहिन्या झिजवते, आणि कोरोना येतो तेव्हा शरीराची शिल्लक ताकद कमी पडते. फ्रान्सच्या अभ्यासात ही झीज स्वतंत्रपणे मोजली गेली होती, त्यामुळे तिच्यामागे असलेला सरासरीचा आकडा वेगळा उठून दिसला नाही. शिवाय दाखल होण्याच्या टप्प्यापर्यंत आलेल्या लोकांतच ती तुलना होती. लोकसंख्येच्या अभ्यासात मात्र त्या टप्प्याच्या अलीकडचा सगळा प्रवासही धरला गेला. तेव्हा आपली सरासरी ७.२ असणे हे नक्कीच आपल्या हिताचे आहे, पण त्याचा फायदा मुख्यतः दाखल होण्याआधी मिळतो. दुसरी वाट जवळची आहे. एकदा ऑक्सिजन लागला की गेल्या तीन महिन्यांच्या साखरेपेक्षा त्या दिवसाची साखर जास्त बोलते.

त्या दिवसाच्या साखरेबद्दल पुरावा विपुल आहे. अमेरिकेतल्या ८८ रुग्णालयांतल्या १,१२२ रुग्णांच्या नोंदी २०२० च्या मार्च आणि एप्रिलच्या सुरुवातीच्या काळात तपासल्या गेल्या. ज्यांचा निकाल लागला होता, म्हणजे जे घरी गेले किंवा दगावले, त्यांत मधुमेह अथवा अनियंत्रित साखर असलेल्यांपैकी २८.८ टक्के दगावले आणि दोन्ही नसलेल्यांपैकी ६.२ टक्के. त्यातली खरी चपराक पुढच्या ओळीत आहे. आधीपासून मधुमेह असलेल्यांत मृत्यूचे प्रमाण १४.८ टक्के होते, आणि मधुमेहाचा कोणताही पुरावा नसताना वॉर्डात साखर १८० च्या वर वारंवार गेलेल्यांत ते ४१.७ टक्के होते. स्पेनमधील १०९ रुग्णालयांतल्या ११,३१२ रुग्णांतही तसेच दिसले. दाखल होताना साखर १४० च्या आत असलेल्यांपैकी १५.७ टक्के दगावले, १८० च्या वर असलेल्यांपैकी ४१.१ टक्के, आणि हा संबंध आधी मधुमेह होता की नव्हता यावर अवलंबून नव्हता.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. तीव्र आजारात शरीर ताणाची संप्रेरके म्हणजे कॉर्टिसॉल आणि अॅड्रेनालिन मोठ्या प्रमाणात सोडते. यकृत साखर तयार करून रक्तात ओतते, जळजळीची रसायने स्नायूंना इन्शुलिनला दाद देऊ देत नाहीत, आणि ज्याच्या स्वादुपिंडात इन्शुलिन बनवण्याची फारशी ताकद शिल्लक नसते त्याची साखर चढते. त्यामुळे दाखल होतानाची उंच साखर ही आजार किती खोल गेला आहे याचा तापमापक असते. पण ती निव्वळ तापमापक नाही. साखर सतत २०० च्या वर राहिली की पांढऱ्या पेशींची जंतूंकडे धावण्याची आणि त्यांना गिळण्याची क्षमता घटते, रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर बिघडते, रक्त गुठळी धरण्याकडे झुकते, आणि लघवीवाटे पाणी गेल्याने आधीच ताप-उलट्यांनी सुकलेला रुग्ण आणखी सुकतो. कोरोनात फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होणे हा आजाराचाच भाग होता, त्यात या साखरेने भर घातली असणार. थोडक्यात, आपल्या वडिलांच्या बाबतीत दोन्ही खरे आहे. आजाराने साखर वाढवली आणि वाढलेल्या साखरेने आजाराला हात दिला. किती वाटा कशाचा हे एका रुग्णात वेगळे काढता येत नाही.

मग साखर खाली आणली की माणूस वाचतो का? चीनच्या हुबेई प्रांतातल्या १९ रुग्णालयांच्या अभ्यासात टाइप २ चे ९५२ रुग्ण होते. ज्यांची साखर दाखल असताना साधारण ७० ते १८० मध्ये राहिली त्यांच्यातले १.१ टक्के दगावले, ज्यांची त्यावर गेली त्यांच्यातले ११ टक्के. आकडे मोहक आहेत आणि मी स्वतः ते जरा अंतर ठेवूनच वाचतो. ज्याचा आजार हलका त्याची साखर आटोक्यात राहतेच. लेखकांनी गट जुळवण्याचा प्रयत्न केला होता, पण दहापट फरक साखरेच्या नियंत्रणामुळेच पडला असे मानायला माझे मन तयार नाही. इन्शुलिन घेणाऱ्यांत मृत्यू जास्त आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत कमी, असे जे निष्कर्ष अनेक ठिकाणी निघाले, त्यांनाही हेच लागू पडते. इन्शुलिनपर्यंत पोचलेला रुग्ण बहुधा जुना आणि खंगलेला असतो, तर मूत्रपिंड बिघडलेल्या माणसाची मेटफॉर्मिन डॉक्टरांनी आधीच बंद केलेली असते. त्या बातम्या वाचून घरच्या घरी इन्शुलिन थांबवणारे रुग्ण तेव्हा भेटत होते, आणि त्यांना समजावण्यात बराच वेळ जाई.

भारतातल्या वाचकाने इथे एक गोष्ट जोडून वाचावी. अमेरिकेच्या अभ्यासातला ‘मधुमेह नसलेला पण साखर वाढलेला’ रुग्ण आणि आपल्याकडचा तसाच दिसणारा रुग्ण एक नव्हे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, म्हणजे प्रौढांमध्ये ११.४ टक्के, आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर आहेत. गोव्यात हे प्रमाण देशात सर्वाधिक, २६.४ टक्के निघाले. यांतल्या अनेकांची साखर कधी तपासलीच गेलेली नसते आणि त्यांच्या आयुष्यातली पहिली तपासणी कोरोनाच्या वॉर्डात झाली. यावर उपाय सोपा आहे, तो म्हणजे दाखल होतानाच्या रक्तात एचबीए१सी पाहणे. साखर २६० आणि सरासरी ५.६ असेल तर ती आजाराची साखर. साखर २६० आणि सरासरी ९ असेल तर मधुमेह वर्षानुवर्षे मुक्कामाला होता, फक्त कोणी दार उघडून पाहिले नव्हते. आपल्या वडिलांच्या जुन्या फाइलमध्ये हा रिपोर्ट असेल तर तो शोधावा. दुसऱ्या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर त्या एका कागदावर मिळेल.

स्टेरॉइडबद्दल सविस्तर सांगायला हवे, कारण वडिलांची साखर ४०० वर गेली ती तिथे. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीचा निकाल जून २०२० मध्ये आला. रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, जास्तीत जास्त दहा दिवस, दिल्यास व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आणि ऑक्सिजन लागणाऱ्यांत २६.२ वरून २३.३ टक्क्यांवर आले. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना फायदा दिसला नाही. उलट आकडे १४ विरुद्ध १७.८ टक्के असे, नुकसानीकडे झुकणारे होते. चाचणीत मधुमेहींना वगळलेले नव्हते. त्यामुळे ऑक्सिजन लागलेल्या मधुमेही रुग्णाला साखरेच्या भीतीने स्टेरॉइड नाकारणे चूक, आणि ऑक्सिजन न लागणाऱ्याला तापाच्या दुसऱ्या दिवशीच घरी स्टेरॉइड देणे ही त्याहून मोठी चूक. दुसऱ्या लाटेत ही दुसरी चूक गावोगाव झाली. मात्रा सहाच्या जागी बारा आणि सोळा, मुदत दहा दिवसांच्या जागी तीन आठवडे, अशा चिठ्ठ्या सर्रास दिसत होत्या.

स्टेरॉइडची साखर एका ठरावीक पद्धतीने चढते. सकाळी नऊला डोस दिला की वॉर्डातल्या तक्त्यावर साधारण असे आकडे उमटतात : सकाळी सहाला १३८, दुपारी जेवणाआधी २१०, सायंकाळी पाचला ३४५, रात्री दहाला ३००, आणि पुन्हा सकाळी १५० च्या आसपास. राउंडला सकाळची उपाशीपोटीची साखर पाहून ‘ठीक आहे’ म्हणून पुढे गेलेल्या डॉक्टरला दिवसातला सगळ्यात वाईट काळ दिसलेलाच नसतो. डेक्सामेथासोनचा परिणाम दीड ते दोन दिवस रेंगाळतो, म्हणून तो रोज दिल्यावर काही दिवसांनी सकाळचे आकडेही चढू लागतात. अशा रुग्णाची साखर दिवसातून चार वेळा तपासणे ही किमान गरज आहे, आणि दुपार-संध्याकाळच्या इन्शुलिनची मात्रा सकाळपेक्षा जास्त असणे स्वाभाविक आहे. स्टेरॉइड ज्या दिवशी बंद होते त्या दिवसापासून इन्शुलिन कमी करत आणले नाही, तर घरी गेलेला रुग्ण तिसऱ्या-चौथ्या दिवशी पहाटे घामाघूम होऊन, बडबडत सापडतो. डिस्चार्जच्या कागदावर इन्शुलिनची मात्रा लिहिलेली असते, ती उतरवायची कशी हे बहुतेक वेळा लिहिलेले नसते.

वॉर्डात साखर किती ठेवायची याबाबत आता फारसा वाद नाही. बहुतेक रुग्णांत १४० ते १८०. याहून खाली, ८१ ते १०८ मध्ये, साखर ठेवण्याचा प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत अतिदक्षता विभागातल्या ६,००० हून अधिक रुग्णांवर झाला होता. त्यात काटेकोर गटात मृत्यू २७.५ टक्के आणि १८० पर्यंत साखर चालवून घेतलेल्या गटात २४.९ टक्के झाले, शिवाय साखर धोकादायक खाली जाण्याचे प्रमाण काटेकोर गटात कितीतरी जास्त होते. त्यामुळे नातेवाइकांनी ‘साखर १७० का, ११० का नाही’ म्हणून सिस्टरच्या मागे लागू नये. दुसऱ्या बाजूने, साखर वाढली की तेवढ्यापुरते इन्शुलिन टोचायचे आणि पुढच्या तपासणीची वाट पाहायची, ही स्लायडिंग स्केलची पद्धत आपल्याकडे अजून मूळ धरून आहे. ती सोयीची आहे, कारण तक्ता भिंतीवर लावला की विचार करावा लागत नाही. पण ती कायम साखरेच्या मागे धावते. दिवसभर हळूहळू काम करणारे पायाभूत इन्शुलिन आणि प्रत्येक जेवणाआधी जलद इन्शुलिन, ही पद्धत टाइप २ च्या दाखल रुग्णांत स्लायडिंग स्केलपेक्षा सरस असल्याचे २००७ मध्येच चाचणीने दाखवले आहे. कोरोनाच्या वॉर्डात पीपीई किट घालून वारंवार आत जाणे अवघड होते हे खरे, आणि त्या काळात जिथे दोनदाच साखर तपासली गेली तिथे दोष एकट्या परिचारिकेचा नव्हता.

एक धोका खास भारतीय आहे. आपल्याकडे इन्शुलिनच्या कुप्या दर मिलिलिटरला ४० युनिटच्या आणि १०० युनिटच्या अशा दोन ताकदींच्या मिळतात, आणि सिरिंजही दोन प्रकारच्या : लाल टोपणाची ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. १०० च्या कुपीतले इन्शुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये दहाच्या रेषेपर्यंत भरले तर रुग्णाला दहाऐवजी पंचवीस युनिट जातात. उलट अदलाबदल झाली तर दहाच्या जागी चारच जातात आणि साखर का उतरत नाही हे कोणाला कळत नाही. रुग्णालयातून घरी येताना कुपी एका दुकानातून आणि सिरिंज दुसऱ्या दुकानातून घेतली जाते तेव्हा ही अदलाबदल होते. इन्शुलिन घरी आणल्यावर कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे का, हे दर वेळी पाहावे.

गोळ्यांचे थोडक्यात. ऑक्सिजन कमी पडत असेल किंवा मूत्रपिंडाचे काम मंदावले असेल तर मेटफॉर्मिन थांबवतात, कारण रक्तात लॅक्टिक आम्ल साठू शकते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्याही आजारपणात थांबवतात. रुग्ण जेवत नसताना त्या चालू राहिल्या तर साखर २०० च्या आत असूनही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्ले) वाढून रुग्ण गंभीर होऊ शकतो, आणि साखर ठीक दिसत असल्याने ते लक्षात येत नाही. याच औषधाने कोरोनात अवयवांचे संरक्षण होईल का, हे पाहायला भारतासह सात देशांत १,२५० रुग्णांवर चाचणी झाली. ठोस फायदा सिद्ध झाला नाही, काळजीपूर्वक देखरेखीखाली मोठे नुकसानही झाले नाही. घरच्या देखरेखीला तो निष्कर्ष लागू करू नये.

म्यूकरमायकोसिसचा, म्हणजे ‘काळ्या बुरशी’च्या आजाराचा, उल्लेख केल्याशिवाय भारतातला हा विषय पूर्ण होत नाही. जून २०२१ च्या अखेरीस केंद्र सरकारने दिलेल्या आकडेवारीनुसार देशात ४० हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले होते, त्यांतल्या सुमारे ६४ टक्क्यांना मधुमेह होता आणि सुमारे ५३ टक्क्यांना स्टेरॉइड दिले गेले होते. महाराष्ट्र आणि गुजरात यांत रुग्ण फार मोठ्या संख्येने होते. ही बुरशी हवेत, मातीत सर्वत्र असते. तिला वाढायला उंच साखर, आम्लधर्मी रक्त आणि त्यात मोकळे होणारे लोह मानवते, आणि स्टेरॉइडने पांढऱ्या पेशी लुळ्या केलेल्या असतात. इंग्लंड-फ्रान्सच्या कोणत्याही आकडेवारीत हा धोका दिसत नाही, कारण तिथे तो जवळजवळ नव्हताच. म्हणून आपल्याकडे कोरोना किंवा अन्य कारणाने स्टेरॉइड घेतलेल्या मधुमेही रुग्णाला घरी आल्यावर पुढचे काही आठवडे गालाच्या एका बाजूला दुखणे किंवा बधिरपणा, नाकातून काळपट खपल्या, डोळ्याभोवती सूज, एकाची दोन दिसणे, वरचे दात हलू लागणे, यांपैकी काहीही जाणवले तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्यावे. त्यात दोन दिवसांचा उशीर डोळा गमावण्याइतका महाग पडू शकतो.

आता वडिलांच्या आजच्या गोळ्यांविषयी. दाखल असताना प्रथमच मधुमेह आढळलेल्या सगळ्यांना तो कायमचा राहत नाही. अमेरिकेतल्या बोस्टन येथील एका रुग्णालयाच्या पाठपुराव्यात अशा वाचलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४० टक्क्यांची साखर वर्षभराच्या आत मधुमेहाच्या रेषेखाली आली होती. दुसरीकडे, अमेरिकेतल्याच माजी सैनिकांच्या नोंदींत कोरोना होऊन गेलेल्या १ लाख ८० हजारांहून अधिक लोकांत पुढच्या वर्षभरात मधुमेहाचे नवे निदान होण्याचा धोका १.४ पट, म्हणजे हजारी सुमारे १३ रुग्ण जास्त, आढळला. आपले वडील कोणत्या गटातले हे घरी बसून ठरणार नाही आणि गोळ्या आपल्या मनाने थांबवूनही ठरणार नाही. एचबीए१सी, उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर, हिमोग्लोबिन, आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन व लघवीतील अल्ब्युमिन एवढ्या तपासण्या करून घ्याव्यात. हिमोग्लोबिन अशासाठी की रक्तक्षय असेल किंवा नुकतेच रक्त चढवले असेल तर एचबीए१सीचा आकडा फसवा येतो. कमीत कमी गोळीवर सरासरी ६ च्या आसपास असेल तर डॉक्टर ती कमी करून, तीन महिन्यांनी पुन्हा तपासून निर्णय घेऊ शकतात. ७ च्या वर असेल तर हा मधुमेह आता राहायला आला आहे असे धरून डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा.

आणि आपल्या दोघांपैकी कोणालाही पुन्हा ताप, दम किंवा न्यूमोनियासाठी दाखल व्हावे लागले, कारण कोरोना असो वा फ्लू, तर शेवटचा एचबीए१सी, शेवटचे क्रिएटिनिन आणि चालू गोळ्यांची नावे एका कागदावर लिहून तो दाखल करतानाच कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांच्या हाती द्यावा. स्टेरॉइड सुरू होत असेल तर सायंकाळची साखर कोण आणि किती वाजता तपासणार आहे, हे त्याच वेळी विचारून घ्यावे.